लोकसहभागाने चालणारी संकेतस्थळे : चेन्नईच्या पुरातून काय शिकावे?

संकेतस्थळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात लिहिणारे मोजके आणि वाचणारे पुष्कळ असतात. रेल्वेचे वेळापत्रक, विद्यापीठाचे निकाल, ग्रंथालयाची सूची ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात वाचणाराच लिहितो. तो माहिती भरतो, दुसऱ्याने भरलेली माहिती दुरुस्त करतो, छायाचित्रे टाकतो, मत देतो, मदत मागतो. विकिपीडिया, ओपनस्ट्रीटमॅप, फेसबुक, ट्विटर, यूट्यूब ही सारी या दुसऱ्या प्रकारातली. व्हॉट्सअ‍ॅप काटेकोरपणे पाहिले तर संकेतस्थळ नव्हे, पण त्याचा स्वभाव तोच आहे, म्हणून त्याचाही विचार या पाठात केला आहे.

या माध्यमांचे लाभ आणि धोके सांगताना एक उत्तर आपल्या तोंडी बसलेले असते. सुरीने फळही कापता येते आणि इजाही करता येते. साधन निर्दोष असते, वापरणाऱ्याचा हेतू शुद्ध हवा. हेतूच्या शुद्धतेला महत्त्व देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटते. परंतु प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवले की हे उत्तर अपुरे पडते. चेन्नईत २०१५ च्या पुरात ज्यांनी लोकांच्या उपयोगी पडणारी माहिती पसरवली आणि ज्यांनी लोकांना घाबरवणारी खोटी माहिती पसरवली, ती बहुतेक सारखीच माणसे होती. सर्वांना मदतच करायची होती. सकाळी एखाद्या कुटुंबासाठी होडी शोधणारा माणूसच दुपारी मगरी सुटल्याचा निरोप काळजीपोटी दहा जणांना पाठवत होता. हेतू दोन्ही वेळी चांगला होता. मग फरक कशाने पडला? तोच आपण पाहू.

डिसेंबर २०१५

आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूत तो सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. २०१५ साली नोव्हेंबरमध्येच तो इतका झाला की चेन्नईभोवतालचे तलाव काठोकाठ भरले. त्यानंतर १ डिसेंबरला पुन्हा झड लागली. २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटीमीटर पाऊस नोंदवला गेला. चेन्नईची वर्षभराची सरासरी सुमारे १४० सेंटीमीटर आहे, म्हणजे वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा एका दिवसात. चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत सोडलेले पाणी २९ हजार क्युसेकपर्यंत गेले आणि नदीकाठचे सैदापेट, जाफरखानपेट, कोट्टूरपुरम हे भाग रात्रीत पाण्याखाली गेले. विमानतळ काही दिवस बंद राहिला. ‘द हिंदू’ हे १८७८ पासून निघणारे वृत्तपत्र २ डिसेंबरला चेन्नईत छापताच आले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत.

वीज नाही, वृत्तपत्र नाही, बहुतेक फोन बंद. अशा वेळी शहराला शहराची बातमी कोण देणार? ती लोकांनीच एकमेकांना दिली. ज्यांच्या फोनमध्ये थोडी बॅटरी उरली होती त्यांनी आपल्या गल्लीत पाणी किती आहे ते लिहिले. ज्यांचे नातेवाईक अडकले होते त्यांनी बंगळूरहून, पुण्याहून, अमेरिकेतून पत्ते आणि क्रमांक कळवले. कोणाच्या घरात चार माणसांना झोपायला जागा आहे, कोणता मंगल कार्यालयाचा दिवाणखाना उघडला आहे, कुठे गरम जेवण मिळेल, कोणाकडे होडी आहे, अशा नोंदींचे एक सामाईक पान तयार झाले आणि पाहता पाहता त्यातून स्वयंसेवकांनी ‘चेन्नईरेन्स’ हे संकेतस्थळ उभे केले. त्यावर काम करणाऱ्यांतले कित्येक जण चेन्नईत नव्हतेच. ते दूर कोरड्या घरात बसून, प्रत्येक नोंदीतला क्रमांक लावून, “तुम्हाला मदत मिळाली का, अजून हवी आहे का” एवढेच विचारत होते.

नकाशाचे उदाहरण तर मुद्दाम अभ्यासण्याजोगे आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनीच काढलेला जगाचा नकाशा. कोणीही आपल्या गावातला रस्ता, विहीर, शाळा त्यावर नोंदवू शकतो. पुराच्या दिवसांत अरुण गणेश या नकाशाकाराने या नकाशाच्या आधारे चेन्नईच्या पाण्याखालच्या रस्त्यांचा नकाशा लोकांसमोर ठेवला. आपला रस्ता शोधायचा, त्यावर क्लिक करायचे, की तो पाण्याखाली असल्याची खूण उमटे. थोड्याच दिवसांत दोन हजारांवर रस्ते नोंदले गेले. एवढ्या गल्ल्यांत इतक्या थोड्या वेळात माणूस पाठवणे कोणत्याही एका कार्यालयाला जमले नसते. ज्याच्या दारात पाणी होते त्यानेच ते सांगितले, आणि हाच या प्रकारच्या संकेतस्थळांचा खरा लाभ आहे. माहिती जिथे जन्मते तिथेच ती लिहिली जाते.

हे अचानक घडले असे मात्र नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने मरीना किनाऱ्याला तडाखा दिला, तेव्हा फेसबुक भारतात आलेही नव्हते. त्या वेळी मुंबईतले पीटर ग्रिफिन, रोहित गुप्ता, दीना मेहता या मंडळींनी एक साधा ब्लॉग सुरू करून बेपत्ता माणसे, मदतकेंद्रे आणि देणग्या यांची माहिती एकत्र केली आणि जगभरातून माणसे त्यात लिहू लागली. चेन्नईच्या स्वयंसेवकांनी अकरा वर्षांनी जे केले त्याची सुरुवात तिथे झाली होती.

मगर आणि नासा

आता दुसरी बाजू. त्याच दिवसांत चेन्नईत नासाच्या नावाने एक निरोप फिरत होता. ‘एल निनो चक्रीवादळ’ येत असून २५० सेंटीमीटर पाऊस पडेल, असे त्यात म्हटले होते. नासाने असे काही म्हटले नव्हते. ‘एल निनो’ हे वादळाचे नावच नव्हे. पॅसिफिक महासागराचे पाणी तापण्याच्या स्थितीला ते नाव आहे. आणि २५० सेंटीमीटर म्हणजे चेन्नईत पावणेदोन वर्षांत पडणारा पाऊस. एवढा हिशेब कागदावर केला असता तरी संशय आला असता. पण ज्याने नुकताच एका दिवसात ४९ सेंटीमीटर पाऊस पाहिला होता त्याच्यापाशी हिशेबाला धीर नव्हता. भीतीने माणूस खोटे बोलतो असे नाही, तो तपासायचे विसरतो.

दुसरी अफवा मगरींची. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यालगत मद्रास क्रोकोडाइल बँक आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात मोठ्या संख्येने मगरी पाळल्या आहेत. तिथल्या मगरी पुराच्या पाण्यातून शहरात शिरल्या असे निरोप फिरले, सोबत कुठलीतरी छायाचित्रेही आली. केंद्राला जाहीरपणे सांगावे लागले की एकही मगर बाहेर गेलेली नाही. छातीभर पाण्यातून लेकराला खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या फोनवर तो निरोप आला असेल तर काय झाले असेल, याची कल्पना करून पाहा.

तलावाचा बांध फुटल्याची अफवाही वारंवार उठत होती. तिच्याबद्दल मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण सगळा दोष लोकांवर ढकलणे सोपे आहे. तलावातून किती पाणी केव्हा सुटणार, कोणत्या वस्तीने केव्हा निघावे, हे नदीकाठच्या लोकांना वेळेवर आणि नेमके कळले नाही ही तक्रार पुढे कित्येक महिने चालू होती. या विसर्गाच्या व्यवस्थापनावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही ठपका ठेवला. जिथे जबाबदार तोंड गप्प असते तिथे बेजबाबदार तोंडाला श्रोते मिळतात. उलट, प्रदीप जॉन हे गृहस्थ वेधशाळेत नोकरीला नसताना केवळ हवामानाच्या आवडीने ‘तमिळनाडू वेदरमन’ या नावाने फेसबुकवर लिहीत होते, आणि असंख्य लोक त्यांच्या नोंदींची वाट पाहत. ते साध्या भाषेत, ठिकाणाचे नाव आणि आकडे देऊन लिहीत, आणि घाबरण्यासारखे नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगत. म्हणजे लोकांना खळबळच हवी असते हेही पूर्ण खरे नाही.

अफवेला संकेतस्थळ लागतेच असेही नाही, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येतो आहे अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे दगावली. ती केवळ तोंडोतोंडी गेलेली अफवा होती. नव्या माध्यमांनी अफवेला वेग आणि पल्ला दिला, जन्म दिला नाही.

दुरुस्ती कुठे पोहोचते?

चेन्नईच्या अनुभवातून सर्वांत उपयोगी धडा मिळतो तो इथे. नकाशावर एखाद्याने चुकून कोरडा रस्ता बुडालेला दाखवला, तर दुसऱ्याला तिथेच ती खूण काढता येत होती. नंतर नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्त नकाशाच दिसे. विकिपीडियावरही तसेच आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यातल्या कोणत्याही लेखाचा ‘इतिहास’ उघडला तर कोणता शब्द केव्हा बदलला ते दिसते. चूक होते, पण चूक आणि दुरुस्ती एकाच पानावर राहतात.

निरोपाचे तसे नाही. आपण दहा जणांना चुकीचा निरोप पाठवला, त्यांनी तो शंभरांना पाठवला, आणि तासाभराने आपल्याला चूक कळली, तर आपली दुरुस्ती फार तर त्या दहा जणांपर्यंत जाईल. उरलेल्यांचे पत्ते आपल्यापाशी नाहीत. म्हणून ज्या माध्यमात दुरुस्ती मूळ मजकुरामागे धावू शकत नाही तिथे लिहिण्याआधीची शहानिशा अनेक पटींनी महत्त्वाची ठरते. एखादे संकेतस्थळ चांगले की वाईट हे ठरवताना त्यावर किती चुका होतात यापेक्षा झालेली चूक कशी सुधारली जाते, हे आधी पाहावे.

खऱ्या माहितीचेही एक दुखणे आहे. ती शिळी होते. “अमुक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वृद्ध दांपत्य अडकले आहे, होडी हवी” ही नोंद सकाळी नऊला अगदी खरी असते. दुपारी बारापर्यंत त्यांची सुटका झालेली असते. पण निरोप संध्याकाळीही फिरतच असतो, कारण त्यावर वेळ लिहिलेली नसते. मग एखादी होडी रिकाम्या घरापाशी जाते आणि तेवढ्या वेळात दुसरे कोणी पाण्यात उभे राहते. दूर बसून फोन लावणाऱ्या स्वयंसेवकांचे काम म्हणूनच मोलाचे होते. ते ‘पूर्ण झाले’ अशी खूण करत आणि नोंद मिटवत. नोंद भरणाऱ्याचे कौतुक होते, मिटवणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

शिवाय फोन क्रमांक. आणीबाणीत आपण तो बिनदिक्कत जाहीर करतो, आणि आणीबाणी ओसरल्यावर तो तसाच उघड्यावर राहतो. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायू आणि रक्तद्रव यांसाठी अनेक स्त्रियांनी आपले क्रमांक ट्विटरवर दिले. त्यांतल्या काहींना नंतर अनोळखी पुरुषांचे नको ते फोन आणि निरोप येऊ लागले. त्या वेळच्या बातम्यांत हे आले होते. त्याच दिवसांत प्राणवायूचे सिलिंडर देतो म्हणून आगाऊ पैसे घेऊन गायब होणारेही निघाले. दुसऱ्याचा क्रमांक आपण पुढे पाठवतो तेव्हा त्याच्या दाराची किल्लीच अनोळखी गर्दीत फिरवत असतो, हे लक्षात येत नाही.

नकाशावर न दिसणारे लोक

आणखी एक धोका आहे. तो खोटेपणाचा नाही, म्हणून तो सहज दिसत नाही. लोकांनी भरलेल्या नकाशावर जास्त खुणा कुठे दिसणार? जिथे पाणी आहे तिथे, हे खरेच. पण जिथे चालू फोन, इंटरनेट आणि ते वापरणारी माणसे आहेत तिथेही. वेळचेरीच्या सदनिकांतून नोंदी आल्या. अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठावरच्या झोपड्यांत पाणी सर्वांत आधी शिरले, पण तिथल्या किती माणसांनी नकाशावर क्लिक केले असेल? त्याच पावसात दक्षिणेकडचा कडलूर जिल्हाही बुडाला होता. देशाचे लक्ष आणि मदतीचा ओघ चेन्नईकडे जास्त गेला आणि कडलूरची उपेक्षा झाली अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली. ज्याला लिहिता येते त्याचे दुःख आधी दिसते. कोऱ्या जागेचा अर्थ ‘तिथे काही नाही’ असा नसतो, ‘तिथून अजून कोणी बोललेले नाही’ असा असतो.

राईनपाडा

चेन्नईतल्या अफवांनी भीती पसरवली. तीन वर्षांनी अफवांनी जीव घेतले, आणि त्यातली एक घटना आपल्या महाराष्ट्रातली आहे.

२०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे निरोप देशभर फिरत होते. त्यांसोबत फिरणाऱ्या एका चित्रफितीत दुचाकीवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी ते मूल परत आणून दिले जाते आणि संदेश दाखवला जातो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला भाग प्रत्येक आईबापाच्या काळजात रुतेल असाच होता, आणि तो पुढे पाठवणारे बहुतेक आईबापच होते.

मे महिन्यात तमिळनाडूच्या तिरुवण्णामलै जिल्ह्यात, कुलदैवताच्या दर्शनाला निघालेल्या चेन्नईच्या एका कुटुंबातील वृद्ध स्त्रीने वाटेत थांबून गावातल्या मुलांना खाऊ दिला. जमावाने मुले पळवणारी समजून तिला मारून टाकले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार केले. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे लोक होते. दारी येणाऱ्या गोसाव्याला पसाभर धान्य घालणारी आपली परंपरा, आणि त्याच गोसाव्यांना एका निरोपाने राक्षस ठरवले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. कंपनीने एवढे केले. बाकीचे काम अर्थातच बोटापाशी येऊन थांबते.

संपादकाची खुर्ची

वृत्तपत्रात बातमी छापण्याआधी उपसंपादक विचारतो : हे कोणी पाहिले? केव्हाचे? कुठले? कोणाला फोन केला होता? वाचकच लेखक झाला तेव्हा ही खुर्ची रिकामी झाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती प्रत्येकाच्या घरात आली, आणि बसायला कोणी तयार नाही. आपल्या केंद्रांच्या गटांवरही आरोग्याचे उपाय, हरवलेल्या मुलांची छायाचित्रे, रक्त हवे असल्याचे निरोप, थोर पुरुषांच्या नावावर खपवलेली वचने रोज येत असतात. ‘खरे असेल तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल’ असे म्हणून आपण ते पुढे पाठवतो. हे वाक्य सद्भावातून येते, पण त्यात ‘खोटे असेल तर?’ हा प्रश्न गाळलेला असतो.

मगरीची गोष्ट मात्र अजून पूर्ण झालेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई पुन्हा जलमय झाली, आणि पेरुंगळत्तूर भागात रात्री रस्ता ओलांडणाऱ्या मगरीची चित्रफीत फिरू लागली. २०१५ आठवणाऱ्या कित्येकांनी ‘झाली पुन्हा सुरुवात’ असे म्हटले असेल. या वेळी ती खरी होती. तमिळनाडूच्या वन विभागाच्या वरिष्ठ अधिकारी सुप्रिया साहू यांनी लगेच लिहिले की शहराच्या काही तलावांत या मगरी राहतात, त्या बुजऱ्या असतात, पाणी वाहून आल्यामुळे ती बाहेर आली आहे, आणि पाण्याजवळ जाऊ नये. म्हणजे ‘पुरातल्या मगरीची बातमी नेहमी खोटी’ असा नियम करूनही भागत नाही. प्रत्येक निरोप नव्याने तपासावा लागतो.

पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने गेल्या महिन्यात स्वतः पुढे पाठवलेला एक निरोप सोबत आणावा. तो कोणाकडून आला, त्यात ठिकाण आणि तारीख आहे का, मूळ लिहिणाऱ्याचे नाव आहे का, आणि तो चुकीचा निघाला तर किती जणांना आपण स्वतः कळवू शकतो, हे कागदावर लिहून आणावे. निरोप गाळून टाकला असेल तर तसेही सांगावे. दोन-दोन जणांनी कागद बदलून एकमेकांच्या निरोपाची शहानिशा वर्गातच, फोनवरून करायची आहे, त्यामुळे फोन चार्ज करून आणावा.